इंजिनाखालचा कागद

आबा, गेल्या सोमवारी टेम्पोचं इंजिन जाम झालं. तुम्ही असता तर आधी इंजिनाची विचारपूस केली असती आणि मग माझी, म्हणून त्याच क्रमाने सांगते. हा टेम्पो तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ह्यांनी तो घेतला. दोन वर्षांपूर्वी हेही गेले, तेव्हापासून मीच चालवते. सकाळी घोटावड्यातून भाजी आणि तांदूळ भरायचे, लवळ्याला कॉलेजांच्या कॅंटीनमध्ये उतरवायचे आणि अकरापर्यंत परत यायचं. बाई टेम्पो चालवते म्हणून सुरुवातीला लोक वळून बघायचे. आता उशीर झाला तर फक्त कॅंटीनवाला बघतो. घर त्याच्यावर चालतं, आणि मला खरं सांगायचं तर दिवससुद्धा त्याच्यावरच चालतो.

रविवारी मी ऑइल बदलून घेतलं. फाट्यावर एक गॅरेज आहे. वर्षभरापूर्वी लातूरकडच्या एका माणसाने ते टाकलं. तिशीचा असेल, बायको आणि लहान मुलगी मागच्या खोलीत राहतात. गाळा आणि खोली दोन्ही आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याची. त्यांना सगळा गाव नाना म्हणतो, मीही म्हणते. मेकॅनिकचं काम बरं आहे, तोंडाने गोड आहे, मला मावशी म्हणतो. त्या दिवशी त्याच्याकडे तीन गाड्या उभ्या होत्या आणि मीही घाई केली, कारण तांदळाची पोती संध्याकाळीच भरायची होती. त्याने जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, नवं ऑइल ओतलं, हात पुसले. मी टेम्पो घरी आणला. पूर्वी ऑइल बदललं की मी टेम्पोखाली कागद अंथरायची. हे हसायचे, म्हणायचे, तुझ्या बापाची गिरणी अजून सुटत नाही तुला. हे गेल्यावर ते सुटलं. त्या रविवारीही अंथरला नाही.

सोमवारी लवळ्याला माल उतरवला. परत येताना चांदे मागे टाकलं आणि घोटावड्याच्या अलीकडे इंजिनाचा आवाज बदलला. तो आवाज तुम्हाला सांगायला नको. लोखंड लोखंडाला कोरडं घासल्यावर होतो तो. मग एक हिसका बसला आणि टेम्पो जागच्या जागी उभा राहिला. खाली वाकून बघितलं तर सगळा पोटाचा भाग ऑइलने न्हाला होता. रस्त्यावर मागे लांबपर्यंत काळी रेघ होती.

एका ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याने टेम्पो ओढून गॅरेजवर आणला. मेकॅनिकने ऑइल मोजायची दांडी काढून बघितली. दांडी कोरडी. तो म्हणाला, ऑइल गेल्यावर स्टिअरिंगसमोरचा लाल दिवा लागतो, तेव्हाच बंद केलं असतं तर इंजिन वाचलं असतं, तुम्ही गाडी तशीच पळवली. मी म्हणाले, ऑइल गेलं कसं ते आधी सांग. तो म्हणाला, खालून दगड लागला असेल. मी म्हणाले, फिल्टर माझ्यासमोर काढ.

हे मला कुठून सुचलं ते सांगते. टेम्पोसोबत एक पुस्तिका मिळाली होती. ह्यांनी ती कधी उघडली नाही. हे गेल्यावर मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, दोनदा. वाचायला घरात दुसरं काही नव्हतं असं नाही, पण त्या दिवसांत गोष्टींची पुस्तकं हातात धरवत नव्हती. त्यात लिहिलं होतं की फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग निघाल्याची खात्री करावी. ती कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवी रिंग बसली की दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि ऑइल दाबाने बाहेर पडतं.

मेकॅनिकने फिल्टर काढला. रिंगा दोन होत्या. एक नवी, एक काळी पडून चपटी झालेली. त्याने ती नखाने सोडवली आणि तळहातावर घेऊन उभा राहिला. तोवर नाना आले होते. ते रोज सकाळपासून गॅरेजसमोर खुर्ची टाकून पेपर वाचतात. आणखी चारपाच जण जमले होते, सगळे गावचे.

नाना म्हणाले, "आता बोल की. दगड लागला म्हनत व्हतास न्हवं?"

"रिंग माझी चुकली, नाना. न्हाई म्हनत न्हाई मी," मेकॅनिक म्हणाला. "पर दिवा लागलाच असंल की वो. मावशीनं बघाया पायजे व्हतं."

मग त्याने किल्ली फिरवली. दिवा लागला, चांगला लालभडक. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, हा लागला नव्हता का. मी म्हणाले, ऊन समोरून येत होतं, दिसला नाही. नानांना तेवढं पुरलं. ते म्हणाले, "ती न्हाई म्हनतीया म्हंजे न्हाई. बाईमानूस हाय, हातावरचं पोट हाय. इंजिन तू करून द्यायचं, सगळं. न्हाईतर गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक हाय माझ्याकडं." कुणीतरी मागून म्हणालं, लातूरला असंच करतात वाटतं, एकावर एक फुकट. लोक हसले. मीही हसले असेन. मेकॅनिक हसला नाही. त्याने वाकून दिव्याच्या काचेवरून बोट फिरवलं, आणि मग ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि नानांना म्हणाला, करून देतो.

आता तुमच्या गिरणीचं. तुम्ही विसरला नसाल, पण मला काय आठवतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. भाताची गिरणी, पत्र्याची शेड, कोपऱ्यात ते एका सिलिंडरचं इंजिन आणि शेजारी पाण्याची टाकी. मालक दुसरा, पण इंजिन तुमच्या हाताखाली. ऑइल बदललं की तुम्ही संध्याकाळी त्याच्या खाली वर्तमानपत्र पसरता, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवता, आणि सकाळी कागद बघितल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही. मी चौथीनंतर शाळा सोडलेली. सकाळी तुमच्याबरोबर येते आणि उकिडवी बसून तो कागद वाचते. तुम्हाला अक्षर येत नाही. तुम्ही वाण्याकडून रद्दी आणता आणि मुद्दाम कागद माझ्या बाजूने सुलटा घालता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. "काय लिवलंय?" तुम्ही विचारता. मी सांगते, अमुक गावच्या विहिरीला पाणी लागलं. तुम्ही म्हणता, बरं झालं. मी जे काही वाचायला शिकले ते तिथं, वाकून, डिझेलच्या वासात.

त्या वर्षी भाताचा हंगाम जोरात होता. आदल्या दिवशी पौडच्या फिटरने इंजिनाच्या खालच्या नटाला वायसरची नवी चकती घातली होती. सकाळी मी कागद वाचत होते आणि एका बातमीच्या मधोमध डाग होता, बत्ताशाएवढा. मी म्हणाले, आबा, डाग पडलाय. तुम्ही बोट लावलंत, वास घेतलात, नटाकडे बघितलंत. बाहेर बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती, लोक हाका मारत होते. तुम्ही म्हणालात, दुपारी आवळू. आणि हँडल मारलंत. जेवायच्या आधीच तो आवाज आला. सोमवारी टेम्पोत ऐकला तोच.

मालक आला. त्याने नट बघितला, वायसर बघितला आणि फिटरला शिव्या घातल्या. फिटर तिथं नव्हता. सगळ्यांना पटलं होतं, फिटर चुकला. तुम्ही नुसते उभे राहिला असता तरी भागत होतं. तुम्ही टोपी काढलीत आणि म्हणालात, "वायसर त्याचा चुकला असंल. पन डाग मी सकाळी बघितला व्हता. बघून चालू केलं."

काम गेलं. घरी येताना मी तुमच्या मागून चालत होते, रागाने. मी म्हणाले, कुणाला कळलं नसतं. तुम्ही न थांबता, मागे न बघता म्हणालात, "तू बघितला व्हतास की."

आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. तुम्ही वीटभट्टीवर जायला लागलात. तिथे रद्दी नव्हती, तर भज्यांचा तेलकट कागद घडी करून खिशातून आणायचात, माझ्यासाठी. मी तो वाचायची, पण तुमच्याशी मोकळेपणाने बोलले नाही. पुष्कळ वर्षं मला वाटत राहिलं की तुम्ही मला दोष दिलात. मी डाग दाखवला नसता, मी तिथं वाचत बसले नसते, तर काम राहिलं असतं. लग्न झाल्यावर एकदा हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, त्यांना तसं म्हणायचं नसेल. मग कसं, ते ह्यांनाही सांगता आलं नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात विचारायचं मनात होतं. तुम्ही खिडकीकडे बघत पडलेले असायचात आणि मी तुम्हाला पेपर वाचून दाखवायची. मध्येच विचारणं जमलं नाही.

आता दिव्याचं. टेम्पो नवा असताना तो दिवा उगीचच लुकलुकायचा. गॅरेजवाले म्हणत, काही नाही, वायर सैल आहे. ह्यांना गाडी चालवताना ते खुपायचं. एका जत्रेतून ह्यांनी म्हातोबाचा फोटो आणला, काड्यापेटीएवढा, आणि डिंक लावून दिव्यावर चिकटवला. म्हणाले, आता देवच बघून घेईल. पुढे वायर बदलली, दिवा नीट झाला, पण देव कोण काढणार. फोटो राहिला. चिकटवताना ह्यांच्या हाताला काळं ऑइल होतं, त्यामुळे फोटोच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेघा मोजता येतील असा. दोन वर्षं मी टेम्पो रोज पुसते आणि तेवढा कोपरा सोडून पुसते. ह्यांचे कपडे मी वाटून टाकले, चपला दिल्या, चष्मा दिला. तो ठसा मात्र कुणाला दिसलाही नाही.

तर सोमवारी दिवा फोटोखाली होता म्हणून दिसला नाही. आणि इंजिन थांबल्यावर, ट्रॅक्टरवाला यायच्या आधी, कुणालाही फोन करायच्या आधी, मी तो फोटो सोलून काढला आणि पर्समध्ये ठेवला. जे दोन वर्षांत हातून झालं नव्हतं ते एका मिनिटात झालं. मला तेव्हाच कळलं होतं की भांडण दिव्यावर येणार. पण डिंक निघाला नव्हता. काचेवर चिकट चौकोन राहिला होता. मेकॅनिकचं बोट त्यावरून फिरलं तेव्हा त्याला कळलं. तो नानांसमोर बोलला असता तर मी काय केलं असतं माहीत नाही. तो बोलला नाही. भाड्याच्या गाळ्यात उभं राहून गावच्या बाईला खोटी म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं.

काल फाट्यावरून चालत जाताना बघितलं. इंजिन खोललेलं, भाग ओळीने पोत्यावर मांडलेले, प्रत्येकाखाली फडकं. तो एकटा बसून एक एक भाग डिझेलने धूत होता. वर न बघता म्हणाला, "गुरुवारपत्तुर देतो, मावशी." मी हं म्हणाले आणि पुढे गेले. तिथपासून घरापर्यंत तुमचं ते वाक्य माझ्यासोबत चालत होतं. तुम्ही मला दोष दिला नव्हतात, आबा. बघणारं कुणीतरी आहे, म्हणून गप्प बसता येत नाही, एवढंच सांगत होतात. माझ्या वेळेला बघणारा तो पोत्यापाशी बसलेला माणूस आहे. रिंगेची चूक त्याची आहे आणि ती मी सोडणार नाही. पण दिव्याची माझी आहे आणि ती मी त्याच्या अंगावर घातली. तुम्ही फिटरचं फिटरला ठेवून आपलं आपण उचललंत. मी माझंही त्यालाच दिलं.

उद्या सकाळी जाणार आहे. नाना खुर्ची टाकून बसलेले असतात, चारपाच जण असतात, त्याच वेळी. फोटो दाखवला की जास्त सांगावं लागणार नाही. इंजिनाच्या खर्चातलं अर्धं माझं, असं म्हणायचं आहे. नाना चिडतील, त्यांचा निकाल मोडला म्हणून. कॅंटीनवाला दुसरा टेम्पो बघेल की काय तेही ठाऊक नाही. पण गाळा मेकॅनिककडे राहायला हवा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमचा पत्ता नाही. गुरुवारी टेम्पो आला की रात्रभर हेच कागद त्याच्या खाली पसरीन, चारी कोपऱ्यांना खडे ठेवून.

एक राहिलं. वर लिहिलं की दिवा फोटोखाली होता म्हणून दिसला नाही. ते तसं नाही. चांदे सोडलं तेव्हाच फोटोच्या कडेने लाल दिसायला लागलं होतं, ह्यांच्या अंगठ्यापाशी. थांबले असते तर नीट बघायला फोटो काढावा लागला असता, म्हणून थांबले नाही. मी बघितला होता, आबा.