सुकाणूची झिजलेली वायर

सांगली, रविवार, ऑक्टोबर १९७४

आज कृष्णेवर मोटरबोटींच्या शर्यतीत माझा दोस्त तुकाराम गेला. वळणावर बोट वळलीच नाही, सरळ घाटाच्या दगडांवर आदळली. सुकाणूची वायर झिजलेली होती. काल इंजिन दुरुस्त करताना मी पाहिली होती. बदलली का नाही? वायर पाच मिनिटांत बदलली असती!

संध्याकाळी दवाखान्यात त्याच्या थोरल्या भावाला सांगून टाकलं, "आवं आण्णा, वायर झिजली हुती. मला ठावं हुतं."

वाटलं, आता मारतील. ते पायरीवर मटकन बसले.

"त्यालाबी ठावं हुतं रं. सकाळी म्हनला, आज उतरत न्हाई. मीच म्हनलो, लोकं हसतील."

आता तुकारामच्या बायकोला हे कोण सांगणार?