हिरवट लडी

ता. ४ फेब्रुवारी

चि. लंबूस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा मुक्काम पाइपलाइनबरोबर पुढे सरकतो, फोन काही लागत नाही, म्हणून लिहिते. तुमच्या माणसांनी आमच्या ओढ्याखालून नळ घातला, माती सारखी केली आणि गेले. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. त्याच ओढ्यात मी सुताच्या लडी धुते, त्याचंच पाणी घरात पितो. उद्या त्या नळातून तेल झिरपलं तर? तू तिथे जोड तपासायला आहेस एवढाच काय तो आधार.

त्यात सध्या माझं कामही बिघडतंय. धुतलेल्या पांढऱ्या लडी वाळल्या की हिरवट दिसतात. सासूबाई म्हणतात, मी रंगाचे हंडे नीट घासत नाही. घासून घासून हात सोलवटले, पण हिरवट ते हिरवटच. छकुली मजेत आहे, मामाची वाट बघते.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

तू लहानपणापासून भित्री. तुमच्या ओढ्याखालचा जोड मी स्वतः पाहिलाय. शिवाय नळात पाणी भरून दाबाची चाचणीही झाली. काटा जरासा उतरला, पण साहेब म्हणाले, थंडीने उतरतो. तेव्हा निर्धास्त राहा आणि हंडे घास.

इथवर लिहिलं आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. ताई, दोष हंड्यांचा नाही. चाचणीच्या पाण्यात आम्ही हिरवा रंग टाकतो, कुठे गळलं तर दिसावं म्हणून. तुमच्याकडे जमिनीवर काही दिसलं नाही, म्हणून सगळं ठीक धरलं. तो रंग तुझ्या लडींवर आलाय. आता नळ रिकामा केलाय आणि सोमवारी त्यात तेल सोडणार आहेत.

नुसत्या शब्दावर साहेब थांबणार नाहीत. हिरवट लडी ताबडतोब पाठव. ओढ्याचं पाणी कुणी पिऊ नका. मला फार भीती वाटतेय.

तुझा भाऊ,
लंबू

ता. १३ फेब्रुवारी

चि. लंबूस, अनेक आशीर्वाद.

लडी नाहीत रे. आम्हा रंगाऱ्यांची रीत तुला ठाऊक आहे, बिघडलेला माल काळ्या रंगाच्या हंड्यात जातो. गिऱ्हाइकाला दिसायला नको म्हणून मी माझ्या हातांनी सगळ्या बुडवल्या. घर पालथं घातलं, पण हिरवा एक धागा मिळाला नाही.

रोज सकाळी नवी लडी ओढ्यात बुडवून बघते. ती पांढरीशुभ्र निघते. घरातले म्हणतात, बघ, झालं ना बरं! नळ रिकामा आहे म्हणून ती पांढरी आहे, हे कुणाला समजावू? पाणी वरच्या विहिरीवरून आणते. सासूबाई माझी नजर चुकवून ओढ्याचंच पितात.

काहीही कर, पण सोमवार टाळ.
तुझी ताई

ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

टाळता आला नाही. साहेबांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत, उलट चहा मागवला. म्हणाले, तुमच्या ताई रंगारीच ना, मग हिरवा रंग त्यांच्याच घरातला कशावरून नसेल? सोमवारी दुपारी तेल सोडलं. नळाला हात लावला तर आतून थरथर जाणवत होती.

मी काम सोडून तुमच्याकडे निघतोय. ओढ्याकाठी खणून तो जोड उघडा करीन, मग मला कोणी काही म्हणो. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पोचतो.

राग धरू नकोस,
लंबू

ता. २१ फेब्रुवारी

चि. लंबूस, अनेक आशीर्वाद.

राग कसला? ये. काल ओढ्यातली लडी वाळली, तिला रंग नव्हता, पण बोटांना तेलकट लागली. छकुलीला हुंगायला दिली तर तिने नाक मुरडलं. वरच्या विहिरीवर आता अख्खी गल्ली लोटलीय आणि तिचाही तळ दिसू लागलाय.

दारात आलेल्याला मी आधी तांब्या पुढे करते. आणि आज माझ्या सख्ख्या भावाला लिहितेय. येताना तुझं प्यायचं पाणी घेऊन ये. जमलं तर छकुलीपुरतं जास्त आण.

वाट बघणारी,
ताई