रामनगरला परत गेलेली पत्रं

प्रिय बाबा,

आज दुपारी तुमची पत्रं रामनगरला परत गेली आणि माझा जीव नुसता जळतोय. सांगू कुणाला? आईही नाही आता. म्हणून तुम्हालाच लिहितेय.

तुमच्या तेराव्याला आपल्या ब्रह्माघाटच्या घरी एक बाई आली. पन्नाशीची, शकुंतला नावाची, नदीपलीकडच्या रामनगरच्या शाळेत शिकवणारी. पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून तिने माझ्यापुढे ठेवला. अक्षर तुमचं!

"हमारे बाबूजी लड़ाई में साहब के साथ हवाई जहाज़ से कूदे थे, दीदी. लौटे नहीं. हम तब गोद में थे," ती म्हणाली. "साहब हमें बराबर लिखते रहे. आप भी पढ़ लीजिए, फिर ले जाएँगे."

बाबा, एकाहत्तरच्या युद्धाचं मी काही विचारलं की तुम्ही पेपर उघडायचात. मी पुण्याला होस्टेलवर होते तेव्हा तुमचं कार्ड यायचं, 'अभ्यास कर. तब्येत सांभाळ.' बस्स! आणि तिला? पानंच्या पानं!

विमानाच्या दारात तुमचे पाय लटपटत होते, तिच्या बाबूजींनी मागून खांदा धरला, म्हणाले, साहेब, मी आहे. हे तिला लिहिलंत! माझ्या पहिल्या मुलाखतीच्या सकाळी मी उंबऱ्यात रडत उभी होते. तुम्ही म्हणालात, "फौजीची मुलगी घाबरत नाही." तुम्ही घाबरला होतात हे एकदा, फक्त एकदा मला सांगायचं होतंत ना!

गेल्या आठवड्यात तुमच्या पलटणीच्या संग्रहालयातून फोन आला, तुमचे कागद हवेत म्हणून. नकाशे, नेमणुकीचे हुकूम, पॅराशूटच्या उड्यांची नोंदवही, सगळं बांधून ठेवलं. त्यात ही पत्रंही घातली. मुद्दाम. मला नाहीत तर तिलाही नकोत.

आज ती न्यायला आली. मी म्हटलं, "वो तो अब म्यूज़ियम जाएँगी. फौज का सामान है."

भांडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "हमने बाबूजी को देखा नहीं, दीदी. जितने मिले, इन्हीं चिट्ठियों में मिले."

तिचा बाप तिला थोडा थोडा पोचवत होतात तुम्ही. मी गाठोडं सोडलं, पत्रं तिच्या हातात दिली.

ती जिन्यात थांबली. "साहब घर में कैसे थे, दीदी? घर की बात कभी नहीं लिखी."

मी सांगून टाकलं, की आई आजारी असताना माझ्या वेण्या तुम्ही घालायचात, इतक्या घट्ट की माझे डोळे ताणले जायचे. ती खळखळून हसली. आणि मला लगेच वाटलं, हेही देऊन बसले का मी तिला?

मत्सर जाईल असं वचन देत नाही, बाबा. पण रविवारी मी रामनगरला जाईन. ती विचारेल ते सांगेन. थोडंसं मात्र राखून ठेवीन. तेवढे तुम्ही माझ्या एकटीचे.

तुमची,
मंजू