मुठा येथील गट क्र. २१७ च्या मातीतील पालाशाबाबत

प्रति,
मा. तालुका कृषी अधिकारी,
मुळशी, मु. पो. पौड, जि. पुणे

विषय : कृषी सहायक कु. साधना वानखेडे यांच्यावरील तक्रार रद्द करण्याबाबत.
संदर्भ : माझा मुलगा इंद्रजित याचा दि. १४ ऑक्टोबर २०२४ चा तक्रार अर्ज.

महोदय,

“नलू, आपली माती आंबाट हाय. घातलं तर खाती, पर ठिवून घ्यायचं तिला ठावं न्हाई.” मी नवी नवरी असताना माझे सासरे भिवाजी मारणे बांधावर उभे राहून हे म्हणाले होते. तेव्हा मी पदराआड हसले होते. आता त्यांना जाऊन दीड वर्ष होईल.

१. इंद्रजितची तक्रार अशी, की ‘पालाश देऊ नका’ हा साधनाताईंचा सल्ला मानून दोन सालं भाताला पोटॅश घातले नाही, आणि यंदा खालच्या पानांच्या कडा करपल्या, इंद्रायणी आडवी झाली, लोंब्या पळंज, बिनदाण्याच्या निघाल्या. हे सर्व खरे आहे. पडलेला भात मीच कापला. परंतु त्यावरून ताईंकडे खुलासा मागितला असून त्यांची नोकरी जाते की काय, असे गावात बोलतात.

२. ताईंना माती कळत नाही, हे मला मान्य नाही. त्या वाशिमच्या, काळ्या मातीतल्या. तरी आमची तांबडी माती त्यांनीच मला समजावली : “मावशी, मातीचा कण म्हणजे एसटी समजा. तुमच्याकडे बाकं आधीच कमी, त्यावर आंबटपणा रुमाल टाकून बसलेला. पालाश बिचारं उभ्यानं येते, अन् पाऊस लागला की उतरून ओढ्याला जाते. थोडं मातीच्या पोटात असते, पण ते सुटते सावकाश, अन् भाताला कुठं तेवढा दम? म्हणून चुना टाका, बाकं मोकळी होतील. पोटॅशही एकदम नको, हप्त्यानं द्या.” शेजारच्या गेणबांनी तसे केले. त्यांचा भात शेवटपर्यंत उभा राहिला. त्यांच्यात आणि आमच्यात एक बांध आहे फक्त.

३. आम्हालाच ‘नको’ सांगितले, ते आमच्या जमीन आरोग्य पत्रिकेवरून. तीत सामू सात, म्हणजे आंबटपणा नाहीच, आणि पालाश ‘अत्यंत भरपूर’. ताईंना शंका आली होती. “गेणबांचा सामू पाच, तुमचा सात कसा हो मावशी? माती कुठली भरली?” मी म्हणाले, “कुठली म्हंजी? वावरातलीच की.” त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणता तर असेल बाप्पा.”

४. त्या उन्हाळ्यात मामंजी खाटेवर होते. वरचा माळ बंगल्यांना विकल्यापासून लोक त्यांना टोचत, “म्हाताऱ्या, उरलं त्ये बी मेल्यालं हाय.” माती तपासायला दिल्याचे कळल्यावर रोज विचारत, “कागद आला का?” आला तेव्हा मी वाचून दाखवला. ‘अत्यंत भरपूर’ हे दोनदा वाचायला लावले. “म्हंजी जिती हाय,” म्हणाले आणि कूस बदलून झोपले. नवव्या दिवशी गेले. त्यानंतर मला बोलता येईना. बोलले असते, तर त्यांची ती झोपसुद्धा खोटी झाली असती.

५. रोपासाठी दरसाल शेणी-पालापाचोळा जाळून आम्ही राब भाजतो. त्या कोपऱ्यात राखेने आंबटपणा मोडतो, पालाश साचते. तिथली माती घेऊ नका, वावरात दहा जागी खणून घ्या, असे बजावूनच ताईंनी पिशवी माझ्या हाती दिली होती.

ती मी राबातून भरली. विसरून नव्हे, जाणून भरली. तरी जो खुलासा मागायचा तो माझ्याकडे मागावा. हे मी इंद्रजितलाही आजवर सांगितलेले नाही. हा अर्ज त्याच्याच हाती देऊन पौडला पाठवते आहे. पाकीट चिकटवलेले नाही. वाटेत वाच, असे त्याला सांगितले आहे.

आपली नम्र आणि ताईंची अपराधी,
नलिनी हैबतराव मारणे
रा. मुठा, ता. मुळशी
दि. ४ नोव्हेंबर २०२४