आठ वितींचे पडदे

५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घर मिळालं! सातवा मजला, चार बेडरूम. इतके दिवस आम्ही पाच जण दोन खोल्यांत एकमेकांच्या पायांत येत होतो. परवा धाकटी या घरात हरवली आणि हाका मारमारून शेवटच्या खोलीत सापडली. आणि खिडक्या काय सांगू! कठडा जेमतेम गुडघ्याएवढा, पलीकडे अख्खं बंदर. मी धक्क्यावर चालवतो ती क्रेनसुद्धा दिसते. मुली रोज तिला हात करतात, मी घरी असलो तरी.

घरमालक निवृत्त कप्तान आहेत. त्यांची अट एकच, कुठलीही खोली बंद ठेवायची नाही. बंद खोलीत खारी हवा कोंडते, कड्या गंजतात, भिंतींचे पोपडे निघतात. एक खोली आमची, एक मुलींची, एक सासऱ्यांची आणि चौथी तुझी. महिनाअखेरपर्यंत तू आली नाहीस, तर ती खोली कप्तान त्यांच्या ओळखीच्या एका शिक्षकांना देणार आहेत.

चारही खोल्यांचे पडदे तूच शिव. खिडक्या सारख्याच, आठ वीत उंच. टेप लावली नाही, तू शिकवलंस तसंच मोजलं.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढला तर ठेवायला आता जागा आहे.

तुझा,
बारक्या

१२ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं, चौथी आपणहून ऐकायला थांबली. माझ्या कापायच्या टेबलाखाली चिंध्या उशाला घेऊन झोपणारा पोरगा तू. आज तुझ्या घरात सासऱ्यांनासुद्धा वेगळी खोली! अभिमानाने ऊर भरून आला रे. भावजयीचंही कौतुक, एवढा पसारा आवरते आहे.

माझं मात्र जमायचं नाही. मला एका खोलीची सवय. तिथे येऊन काय करू, खिडकीत बसून जहाजं मोजू? या वयात कुणाच्या गळ्यात पडायचं नाही, असं मी ठरवलं आहे. शिक्षकांना खुशाल दे खोली. म्हणून तीनच खोल्यांचे पडदे पाठवते. तू तुझ्या हाताने मोजलंस, मी माझ्या वितीने कापलं, म्हणजे काही झालं तरी कमी पडणार नाही.

मुलींचे पापे घे. माया आहेच, मागायला नको.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पडदे लावले. शिलाई अशी की कप्तानांनी चष्मा लावून निरखली आणि असं काम बोटीवरच्या शिडांवरही पाहिलं नाही म्हणाले. फक्त एक आहे. पडदे चांगले दीड वीत आखूड आहेत! सासरे म्हणतात, पडद्यांनी हाफपँट घातली आहे. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

पण ताई, एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. चौथी खोली उरली म्हणून तुला देत नाहीये. याच इमारतीत तीन बेडरूमचं घर मिळत होतं, ते मी सोडलं. तुझ्याशिवाय हे घर मला पुरं वाटणार नाही. सोबत कागदावर माझा पंजा रेखून पाठवतो आहे, चूक कुणाची ते तूच बघ.

रागावलीस तरी चालेल, पण समोर येऊन रागव.

तुझा,
बारक्या

२६ जून

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तीस वर्षांत माझ्या हातून गेलेलं कापड आखूड पडलं नव्हतं. दोन दिवस तुझ्यावर चरफडले. मग तो कागद टेबलावर पसरला आणि त्यावर माझा पंजा ठेवला. चारी बाजूंनी तुझाच पंजा दिसत राहिला. माझ्या मनात तो अजून माझ्या मुठीत मावत होता रे, म्हणून तर माझ्या वितीने कापलं. बराच वेळ हात उचलवला नाही. रडलेसुद्धा, सांगायला लाज कसली.

दुकानाच्या मालकिणीला कळवलं आहे. शनिवारी मशीन घेऊन निघते. तीन खोल्यांच्या पडद्यांना खाली झालर लावून देईन. शिक्षकांना माझ्यातर्फे नमस्कार सांग आणि दुसरी खोली बघायला सांग.

चौथ्या खोलीची खिडकी उघडी ठेव. तिचं माप मात्र तू घ्यायचं नाहीस. ते माझ्या हाताने घेईन.

तुझी ताई