बाबांच्या घड्याळावरचा डाग

९ नोव्हेंबर, रवि.
सकाळी सगळ्या घड्याळांना चावी दिली. आधी मनगटावरची, मग खिशातली दोन. ज्यो.ने चहा ठेवता ठेवता विचारलंच, "लेकरांचं दूध झालं का पाजून?" लग्न झाल्यापासून बायकोने ही चेष्टा एक दिवस चुकवली नाही, आणि मी चावी.
नंतर बोरिवलीला मुकुंदकडे, तोही माझ्यासारखाच घड्याळवेडा. त्याने नवीन घेतलंय, म्हणजे अर्थात जुनं. कुणा रेल्वे गार्डचं खिशातलं घड्याळ. मागचं झाकण हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, कोरलेली वेल जेमतेम दिसते. दोघं भिंग लावून बघत बसलो. जेवायला या म्हणून त्याची बायको तीनदा सांगून गेली, चौथ्यांदा तिने पंखाच बंद केला.

१३ नोव्हें., गुरु.
बाबांचं घड्याळ खणात नाही.
खण पालथा घातला. कपाटाच्या मागे, गादीखाली, औषधांच्या डब्यात. कुठेच नाही.
ते चालत नाही. चालावं असा माझा आग्रहही नाही. रोज चावी देऊन झाली की ते नुसतं हातात घेतो. पिवळट तबकडी, चारच्या आकड्यापाशी मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी डाग. खाऱ्या पाण्याचा. पाच-सहा वर्षांचा असेन. मनोरीला बोटीतून उतरताना पाय घसरून मी सरळ खाडीत. बाबांनी गुडघे टेकून खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि माझी कॉलर धरली. घड्याळासकट. मी आहे तो त्या डागामुळे, असं मला लहानपणापासून वाटतं.
ज्यो.ला विचारलं तर म्हणे कालच्या आवराआवरीत इकडेतिकडे झालं असेल, घराबाहेर कुठे जातंय. आणि कामाच्या मावशींना एका शब्दाने विचारायचं नाही, असं वर बजावलं.

१८ नोव्हें., मंगळ.
नाही मिळालं. जेवण जात नाही. ज्यो. मात्र गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालतेय. माणसाला इतकं निवांत कसं राहता येतं? जरा जोरात बोललो. तिने हसून टाकलं. आणखीच राग आला.

२७ नोव्हें., गुरु.
लग्नाचा वाढदिवस. सकाळी औक्षण वगैरे. मग ज्यो.ने पदराआडून एक डबी काढून माझ्या हातात ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसली.
बाबांचं घड्याळ. टिकटिक चालू. नवी काच, नवा पट्टा. आणि तबकडी शुभ्र पांढरी. आकडे काळेभोर. चारच्या आकड्यापाशी काही नाही.
ती बघत होती माझ्याकडे. दहावीचा निकाल बघायला आलेल्या पोरीसारखी.
"झकास," म्हटलं.
"खरंच आवडलं?"
"झकासच गं."
मग मनगटावर तिनेच बांधलं. संध्याकाळी शिरापुरी. दोनदा वाढून घेतली, म्हणजे तोंड भरलेलं राहतं.

२८ नोव्हें., शुक्र.
बिल डबीतच होतं, त्यावरून दुकान कळलं. घाटकोपर. ज्यो.ला सांगितलं बँकेत जातो.
जुनी तबकडी आहे का, विचारलं. तो भला माणूस. म्हणाला, काका, तबकडी तीच आहे, जुना रंग खरवडून वरून नवीन रंगवली. भाभींनी सांगितलं होतं, डाग अजिबात दिसता कामा नये.
म्हणजे गेला. कुठे पडलेला नाही, कुणाकडे ठेवलेला नाही. खरवडला.
स्टेशनपर्यंत चालत आलो. रडूच आलं. या वयात, भर रस्त्यात, एका डागासाठी.
ज्यो.ला सांगायचं नाही. काही झालं तरी नाही. तिने महिनाभर मनात धरून केलेली गोष्ट आहे.

३० नोव्हें., रवि.
वाट लागली.
मुकुंद जेवायला आला होता. त्याला आधी फोन करून ठेवायला हवा होता, सुचलं नाही. बसल्या बसल्या माझा हात धरला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अरे, ह्याची वाट कुणी लावली? जुनी तबकडी कुणी रंगवतं का? आणि तुझा तो डाग?"
ज्यो. आमटीचं भांडं घेऊन मागेच उभी.
मी सारवासारव केली. मुकुंदनेही केली, ती माझ्याहून वाईट. ज्यो.ने शांतपणे वाढलं. भात हवा का विचारलं. स्वतः जेवली नाही.

१ डिसें., सोम.
चावी दिली. चेष्टा नाही.

२ डिसें., मंगळ.
आजही नाही. घर खायला उठलंय. डाग गेला तो गेला, ही तरी बोलू दे.

३ डिसें., बुध.
शेवटी ती बोलली. मी घड्याळं पुसत होतो, समोर येऊन बसली.
म्हणाली, "मी माझ्या मनाने नाही केलं. आई सांगायच्या."
आई म्हणजे माझी आई. शेवटची दोन वर्षं तिचं सगळं ज्यो.च करायची, त्यामुळे बोलणंही हिच्याशीच व्हायचं. आईने तिला सांगितलं होतं की बाबांना तो डाग बघवायचा नाही. दर दिवाळीला म्हणायचे, यंदा तबकडी करून घेऊ. दर वर्षी काहीतरी निघायचं आणि राहून जायचं.
मी म्हटलं, मला कधी बोलले नाहीत.
"तुम्हाला कसे बोलतील? वेळ बघायला हात वर केला की तुम्ही पाण्यात दिसायचात त्यांना."
मला त्या डागात बाबांचा हात दिसायचा. बाबांना माझं बुडणारं डोकं. एकाच घरात, एकाच घड्याळात.
"आईंनी मला सांगितलं होतं, तुला जमलं तर कर. मला वाटलं तुम्हीसुद्धा रोज हातात घेऊन उसासे टाकता ते त्यासाठीच."
ज्यो. रडली. मीही. मग तिनेच उठून चहा ठेवला, साखर विसरली. दोघांनी तसाच प्यायला.

४ डिसें., गुरु.
"लेकरांचं दूध झालं का?"
हुश्श.

६ डिसें., शनि.
मुकुंदचा फोन. एका डीलरकडे तशीच जुनी तबकडी आहे म्हणे, पिवळी, डागाळलेली. बसवून घे. म्हटलं, दुसऱ्याच्या बापाचा डाग घेऊन मी काय करू? तो म्हणाला, विचार कर, ठेवायला सांगतो.
ज्यो. म्हणाली, उद्या मनोरीला जाऊ या. मला ती जागा दाखवा.

७ डिसें., रवि.
मुलुंडहून मार्वे, सकाळी निघालो तरी उन्हं चढली. बोटीत कडेला बसलो. मनगटावर तेच घड्याळ. ज्यो.नेच घाला म्हटलं होतं.
मधेच एक लाट आपटली आणि पाणी अंगावर आलं. मी झटकन दुसऱ्या हाताने घड्याळ झाकलं. मुद्दाम नाही, झालं आपोआप. ज्यो.ने बघितलं. हलकेच हसली.
धक्का बदललाय. पायऱ्या कुठल्या ते ओळखू येईना. अंदाजाने एक जागा दाखवली. ती वाकून पाण्याकडे बघत राहिली, मग माझी कॉलरच धरली मागून. म्हटलं, अगं, बासष्टचा झालो. सोडली नाही.
मासे खाऊन परत. आत्ता घरी. झाकूनसुद्धा काचेच्या कडेला खाऱ्या पाण्याचे दोन थेंब वाळलेत, चारच्याच बाजूला. मुकुंदला अजून फोन केलेला नाही. लिहितोय तर ज्यो. ओला फडका घेऊन आलीये, पुसू का म्हणून विचारतेय.
या वेळी विचारतेय.