मायच्या खांद्यावरची जागा

भडगाव

प्रिय अक्का,

वर्षभरानं माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला टाकशील, म्हणून आधी कामाचं सांगतो. येत्या सोमवारी मायचं वर्षश्राद्ध आहे आणि तिचा फोटो अजून तयार नाही. घरात तीन प्रिंटर, शाईच्या बाटल्यांनी भरलेलं कपाट, गावभर फोटोच्या धंद्याची फुशारकी, आणि मायचा एक फोटो मला जमत नाही. दोन आठवडे झाले, जेवता जेवता उठतो, प्रिंट काढतो, अंगणात नेऊन उजेडात धरतो, फाडतो. पुनम म्हणते, एका जागी बसा जरा, तुमच्याकडे बघून मलाच घेरी येते. बसवत नाही गं.

फोटो तुझ्या ओळखीचाच आहे, काकांच्या भूषणच्या हळदीतला. माय हिरव्या साडीत हसतेय, आणि मागे तू, तिच्या खांद्यावर हात टाकून. तिचा एकटीचा बरा फोटो आपल्याकडे एकही नाही. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घ्यायची, तुला माहीतच आहे. आबा म्हणाले, फोटो रंगीत हवा आणि एकटीचा हवा. जी शेवटचं पाहायलाही आली नाही, तिचा हात कशाला? मी तुला कापलं. खांद्यावरचा हात कॉम्प्युटरवर पुसला आणि तिथे साडीचा हिरवा भरला. वाचून वाईट वाटेल. करताना मलाही वाटलं, पण केलं.

मग सुरू झाला शाईचा घोळ. पासपोर्ट फोटोंसाठी असते ती स्वस्त डाय शाई वापरली, तर माय ताप चढल्यासारखी लालबुंद. शिवाय ती शाई उन्हात उडते. आपली ओसरी पश्चिमेची, दोन उन्हाळ्यांत तिचा चेहराच गेला असता. म्हणून चाळीसगावला चांदभाईंकडे गेलो. ते प्रिंटर दुरुस्त करतात, शाई विकतात, आणि गिऱ्हाइकाला आधी झापतात. म्हणाले, “भिंतीवर कायमचा लावायचा फोटो, आणि डाय? पिगमेंट घे. चमक कमी येईल, पण टिकेल.” दुसऱ्या मशीनमध्ये पिगमेंट भरली. टिकाऊ आहे खरी, पण हिरवी साडी शेवाळासारखी दिसायला लागली. वैतागून आबांना म्हटलं, काळा-पांढराच करू. तर चार शायांचं मशीन काळा-पांढराही रंग मिसळूनच काढतं, आणि मायच्या गालावर हिरवट झाक आली. नुसत्या काळ्या शाईवर काढला, तर तोंडभर रवा सांडल्यासारखे ठिपके. शेवटी चांदभाईंनी स्वतःचं जुनं मशीन दिलं, काळीसोबत दोन करड्या शाया असलेलं.

त्यातून निघालेला फोटो पाहून मी उभाच राहिलो. मायच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, हनुवटीवरचं गोंदण, पदराची चुणी न् चुणी. आणि खांद्यावर तळहाताएवढी एक जागा, जिथे एकही चुणी नाही. स्वस्त शाईत ती काळोखात बुडायची, चांगल्या शाईनं ती उघडी पाडली. कडेला तुझ्या बोटांची सावलीसुद्धा राहिली होती, ती पुसायला मी विसरलो होतो. पुन्हा भरलं, पुन्हा काढलं, कागद संपवले. आबांनी चष्मा कपाळावर सारून फोटो नाकाशी धरला. “हाई काय शे खांदावर?” मी म्हटलं, काही नाही, डाग आहे. त्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “तिना हात व्हता ना आठे?” तो आवाज मला ऐकवला नाही. त्या दिवसापासून माझी झोपही गेली.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते लिहितो. मायला धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं त्या दुपारी आबांनीच मला सांगितलं होतं, “अक्काले बलाव.” तुझ्या लग्नाचा राग त्यांनी त्याच वेळी सोडला होता. मी नंबर काढला आणि लावला नाही. वाटलं, तुम्ही दोघं तिथेच भांडाल, मायला त्रास होईल. दोन दिवसांत ती घरी येईल, मग कळवू. ती पहाटेच गेली. अक्का का आली नाही, असं आबांनी विचारलं, तेव्हा मी घाबरून म्हणालो, कळवलंय, नाही येत म्हणाली. तुला सावद्यात तिसऱ्या दिवशी परक्याच्या तोंडून कळलं, आणि तुझा समज झाला की आबांनी आम्हाला कळवू दिलं नाही. वर्षभर तू त्यांच्यावर रागावलीस, ते तुझ्यावर, आणि मी दोघांचं ऐकत गप्प बसलो. काल त्यांना सगळं सांगितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “मंग आते तिले तूच सांग,” आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. सकाळपासून तीनदा तुला फोन लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला, इतका भित्रा आहे मी. माफी मागायचं तोंड मला नाही. माझ्यावर हवा तेवढा राग धर, जन्मभर धर. पण सोमवारी ये, आबांसाठी ये. अक्का, त्यांनी तुला बोलावलं होतं गं.

तुझाच,
ललित